'दावा अंशतः मंजूर' म्हणजे जिंकलो की हरलो? निकालपत्र वाचायचं कसं?

सुईदोरा (प्रश्न)

माहेरच्या जमिनीच्या वाटपाच्या दाव्याचा निकाल १२ जूनला लागला. वकीलसाहेबांचा फोन आला, "ताई, अभिनंदन, दावा अंशतः मंजूर." मी हो हो म्हटलं, फोन ठेवला आणि मशीनवर बसले. ब्लाऊजची बाही उलटी जोडली गेली तेव्हा लक्षात आलं की आपल्याला काहीएक कळलेलं नाही. अंशतः म्हणजे किती?

हकीकत अशी. वडील २०१६ मध्ये वारले. आई आहे, ८१ वर्षांची, थोरल्याकडे असते. दोन भाऊ, मी आणि धाकटी बहीण. माझं लग्न १९९१ चं. २०१७ साली मी दावा लावला. आजोबांपासून चालत आलेले दोन गट, एक १ हेक्टर ६० आर, दुसरा ९० आर, आणि गावातलं घर. शिवाय तिसरा गट, जो १९९८ मध्ये थोरल्या भावाच्या नावावर घेतला गेला. माझं म्हणणं होतं की तोही घरच्याच पैशातला.

निकालपत्र २३ पानी आहे. मराठीत आहे, तरी तीनदा वाचून डोकं भणभणलं. माझे प्रश्न असे:

चौथ्या पानावर एक तक्ता आहे, एका बाजूला 'मुद्दे', दुसऱ्या बाजूला 'निष्कर्ष'. त्यात होकारार्थी, नकारार्थी, नकारार्थी, अंशतः होकारार्थी असं लिहिलंय. दोन नकार बघून पोटात गोळा आला.

मधली चार पानं तर दुसऱ्याच कुणाच्या खटल्यांबद्दल आहेत. विनिता शर्मा म्हणून कुणी आहेत, त्यांचा आमच्या जमिनीशी काय संबंध?

परिच्छेद १७ मध्ये न्यायाधीशांनी लिहिलंय की प्रतिवादी क्र. २ म्हणजे धाकट्या भावाने आईच्या औषधपाण्याकडे लक्ष दिल्याचं दिसत नाही. हे वाचून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. याचा पुढे काही उपयोग होतो का?

आणि शेवटचं. साहेब म्हणतात "हुकूमनामा अजून निघायचाय, तोवर थांबा." निकाल लागला ना? मग हुकूमनामा हे वेगळं काय प्रकरण आहे? आज २६ तारीख.

---

रानवाट

अभिनंदन ताई! आठ वर्षं चिकाटी धरलीत. आता निकालाची प्रत घेऊन सरळ तलाठ्याकडे जा आणि सातबाऱ्यावर नाव चढवून घ्या. कोर्टाचा निकाल आहे, त्याला नाही म्हणता येत नाही. उशीर करू नका.

---

नक्कलवाले काका

रानवाट, जरा दमानं घ्या. हा कागद घेऊन ताई गेल्या तर तलाठी तो परत देईल, आणि त्याचं बरोबरच असेल. कोणता बांध कुठे पडणार हे त्या कागदात लिहिलेलंच नाही.

मी वकील नाही. दिवाणी न्यायालयात ३१ वर्षं नोकरी केली, त्यातली बरीचशी नक्कल विभागात. निकालपत्रं वाचली नाहीत, मोजली. पानं मोजून फी घ्यायची असते. पण मोजता मोजता वाचलीही गेली.

ताई, निकालपत्र मागून वाचायला घ्या. शेवटच्या पानावर 'आदेश' असा मथळा असेल, त्याखालची कलमं इथं जशीच्या तशी टाका. आम्ही खिडकीवर बसून बघायचो, लोक पहिल्या पानापासून सुरू करायचे. पहिल्या पाच-सहा पानांत वादीचं म्हणणं आणि प्रतिवादीची कैफियत असते. तिथं 'वादीने खोटा दावा केला आहे' हे वाक्य दिसलं की माणूस हबकतो. ते कोर्टाचं मत नसतं हो, समोरच्याचं म्हणणं न्यायाधीशांनी नोंदवलेलं असतं.

दिवाणी प्रक्रिया संहितेत (१९०८ ची आहे, आदेश २० नियम ४) निकालपत्रात काय हवं ते सांगून ठेवलंय: प्रकरणाची थोडक्यात हकीकत, निर्णयासाठीचे मुद्दे, त्यावरचा निर्णय आणि त्याची कारणं. तुमची २३ पानं याच क्रमाने असणार. मुद्द्यांचा तक्ता हा त्याचा कणा. आणि नकार बघून घाबरू नका, आधी प्रश्न काय होता ते बघा. 'प्रतिवादी सिद्ध करतात काय की पूर्वीच वाटप झाले आहे?' असा मुद्दा असेल आणि उत्तर नकारार्थी असेल, तर तो नकार तुमच्या फायद्याचा आहे. कुणी सिद्ध करायचं होतं हे मुद्द्यातच लिहिलेलं असतं.

बाकीचं आदेश बघून सांगतो. पण एक काम आजच करा. नकलेचा अर्ज दिला नसेल तर दुपारच्या आत द्या. निकालपत्र आणि हुकूमनामा, दोन्हीच्या प्रमाणित नकलांचा. नेटवरून उतरवलेली प्रत वाचायला ठीक, अपिलाला लावायला नाही.

---

सुईदोरा

काका, अर्ज देऊन आले. खिडकीवरच्या मुलीने विचारलं, "अर्जंट की साधी?" मी अर्जंट म्हटलं.

आदेश असा आहे:

१) दावा अंशतः मंजूर करण्यात येतो.
२) वादीचा पहिल्या व दुसऱ्या गटात आणि घरात १/५ हिस्सा असल्याचे जाहीर करण्यात येते.
३) तिसऱ्या गटाबाबतची मागणी फेटाळण्यात येते.
४) शेतजमिनीचे वाटप कलम ५४ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत व घराचे वाटप कोर्ट कमिशनरमार्फत करण्यात यावे.
५) उभयपक्षांनी आपापला खर्च सोसावा.
६) त्याप्रमाणे प्राथमिक हुकूमनामा तयार करण्यात यावा.

आणि तुम्ही म्हणालात तसे मुद्दे परत वाचले. दुसरा मुद्दा खरंच 'प्रतिवादी सिद्ध करतात काय की १९९५ साली तोंडी वाटप झाले' असा आहे. नकारार्थी! दोन आठवडे मी त्या नकाराला घाबरत होते. तिसरा मात्र 'वादी सिद्ध करते काय की तिसरा गट एकत्र कुटुंबाच्या उत्पन्नातून घेतला'. तोही नकारार्थी. तो माझ्या विरुद्धच ना?

---

नक्कलवाले काका

हो, तो तुमच्या विरुद्धच. कलम ३ त्याच मुद्द्यातून आलंय, आणि 'अंशतः' हा शब्दही तिथूनच. आता कारणांची सगळी पानं वाचू नका, फक्त मुद्दा क्र. ३ खालची वाचा. तिथं निशाणी क्रमांक दिसतील. निशाणी म्हणजे कागदाला किंवा जबाबाला कोर्टाने दिलेला नंबर. कोणत्या निशाणीवर विश्वास ठेवला आणि कोणती बाजूला सारली, त्यातच सगळं येतं.

हुकूमनाम्याचं सांगतो. निकालपत्रात 'का' असतं, हुकूमनाम्यात 'काय'. अंमल होतो तो हुकूमनाम्याचा. निकालानंतर १५ दिवसांत तो तयार व्हावा असं संहितेत आहे, आणि त्यावर तारीख मात्र निकालाचीच पडते, १२ जून. गोम इथंच आहे. अपिलाची मुदत १२ जूनपासून धावते आहे, हुकूमनामा टाइप झाल्या दिवसापासून नाही.

जिल्हा न्यायालयात अपिलाला ३० दिवस. निकालाचा दिवस सोडला तर १२ जुलैला संपतात. नक्कल मिळायला लागलेले दिवस यातून वजा होतात, मुदत कायद्याचं कलम १२. पण त्याच कलमाला एक स्पष्टीकरण जोडलंय: नकलेचा अर्ज देण्यापूर्वी हुकूमनामा तयार करण्यात कोर्टाचे जे दिवस गेले, ते वजा होत नाहीत. म्हणून तुम्हाला आज पळवलं. एक गृहस्थ चौतिसाव्या दिवशी खिडकीवर आले होते. "हुकूमनामाच झाला नव्हता, मग अर्ज कशाचा द्यायचा?" असं विचारत होते. तर्काला धरून होतं, पण कायद्यात बसत नव्हतं. त्यांना विलंब माफीचा अर्ज करावा लागला. पुढे काय झालं माहीत नाही, खिडकीवर पुढचं कळत नाही.

नक्कल हातात आली की उलटी करून मागचा शिक्का बघा. तीन तारखा असतात: अर्ज कधी, तयार कधी, दिली कधी. हिशेब पहिल्या दोन तारखांचा करायचा. नक्कल तयार होऊन खिडकीत पडून राहिली आणि तुम्ही चार दिवसांनी नेली, तर ते चार दिवस तुमच्या खात्यावर. समजा आज २६ ला अर्ज आणि ३ जुलैला तयार, म्हणजे ८ दिवस मिळाले, मुदत २० जुलैपर्यंत. त्या दिवशी सुट्टी आली तर कोर्ट उघडेल तो दिवस.

---

सुईदोरा

म्हणजे निकालपत्र ही मापं लिहिलेली वही झाली. कापड अजून कापायचंय.

---

नक्कलवाले काका

बरोबर, आणि शेताचं कापड कापणार तहसीलदार. सरकारी सारा लागणाऱ्या जमिनीचा हिस्सा कोर्ट ठरवतं, पण प्रत्यक्ष सरस-निरस बघून तुकडे पाडायचं काम दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ ने जिल्हाधिकाऱ्यांकडे दिलंय. ते तहसीलदारांकडे येतं, मोजणी भूमी अभिलेखवाले करतात. सातबाऱ्याचा नंबर त्यानंतर. रानवाट, म्हणून म्हटलं दमानं.

घराचं कोर्टातच. कमिशनर नेमला जाईल, तो अहवाल आणि नकाशा देईल, दोन्ही बाजू हरकती घेतील, मग अंतिम हुकूमनामा. त्याला मुद्रांक लागतो.

---

काळा कोट

काकांचं शिक्क्याचं गणित आमच्या कॉलेजात शिकवायला हवं होतं. मी जिल्हा न्यायालयात दिवाणी प्रॅक्टिस करते, पण ताईंच्या वकिलांकडे फाइल आहे, माझ्याकडे नाही. निर्णय त्यांच्याशी बोलूनच घ्या.

आधी १/५ कुठून आला ते, कारण हे कुणी सांगत नाही. वडील वारले त्या क्षणाला वाटप झालं असं कायदा मानतो. वडील, आई आणि चार मुलं असे सहा समान हिस्से, प्रत्येकी १/६. मग वडिलांचा १/६ आई आणि चार मुलं या पाच जणांत, प्रत्येकी १/३०. १/६ अधिक १/३० म्हणजे १/५. अडीच हेक्टरमध्ये तुमचे ५० आर. दावा फक्त तुम्ही लावलात, पण वाटपाच्या दाव्यात प्रतिवादीचाही हिस्सा ठरतो, तेव्हा धाकट्या बहिणीलाही तेवढाच. तिला सांगितलंत का?

विनिता शर्मा. ११ ऑगस्ट २०२० चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, तीन न्यायाधीशांच्या पीठाचा. तुमचा दावा २०१७ चा, म्हणजे तो लावला तेव्हा हा निकाल नव्हताच. मुलीचा हक्क जन्माने आहे, त्यामुळे ९ सप्टेंबर २००५ ला, म्हणजे मुलींना मुलांसारखा हक्क देणारी हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, वडील हयात असण्याची गरज नाही, असं त्यात ठरलं. २०१५ च्या फुलवती खटल्यात याच्या उलट म्हटलं होतं, ते विनिता शर्मात रद्द ठरलं. तुमचे वडील २०१६ पर्यंत होते, म्हणजे तुम्हाला त्या वादाची झळ नव्हतीच. तरी चार पानं का? माझा अंदाज, भावांनी कैफियतीत १९९१ च्या लग्नावर बोट ठेवलं असणार. महाराष्ट्राने १९९४ मध्ये केलेल्या दुरुस्तीत २२ जून १९९४ पूर्वी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या. २००५ च्या केंद्रीय कायद्यात विवाहित-अविवाहित असा भेदच नाही. ती चार पानं या आक्षेपाला उत्तर म्हणून असतील. बघून सांगा.

दुसऱ्याच्या खटल्यातली माणसं तुमच्या निकालात येतात ती अशी. त्यांच्या जमिनीशी तुमचा संबंध नसतो, त्यांच्या खटल्यात सुटलेल्या कायद्याच्या प्रश्नाशी असतो. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेला कायदा राज्यघटनेच्या अनुच्छेद १४१ मुळे खालच्या सगळ्या न्यायालयांवर बंधनकारक असतो. पण बंधनकारक तेवढंच, ज्याच्या आधारावर तो खटला सुटला. ओघात आलेलं बाकीचं बोलणं नाही.

तोच चष्मा लावून तुमचा परिच्छेद १७ बघा. आईच्या औषधपाण्यावर मुद्दाच काढलेला नव्हता, हिस्सा त्यावर अवलंबून नव्हता. तो शेरा आहे, निष्कर्ष नाही. फ्रेम करून लावा हवं तर, पण त्यावर काही उभं राहणार नाही.

---

सुईदोरा

लग्नाचंच आहे. परिच्छेद १२: 'वादीचा विवाह सन १९९१ मध्ये झाल्याने तिला हक्क नाही हा प्रतिवादींचा बचाव ग्राह्य धरता येत नाही.' एवढं सरळ वाक्य, आणि मी ते विनिताबाईंच्या गर्दीत हरवून बसले होते.

तिसऱ्या गटाची कारणंही वाचली. भावाने पतसंस्थेच्या कर्जाचा उतारा दिला होता (निशाणी ५८), आणि माझ्या उलटतपासात मीच म्हटलंय की १९९८ ला शेताचं उत्पन्न किती होतं ते मला सांगता येणार नाही. खरंच माहीत नव्हतं. तेव्हा मी सासरी होते. न्यायाधीशांनी लिहिलंय, घर एकत्र होतं म्हणून एकाच्या नावावरची मिळकत आपोआप एकत्र ठरत नाही, शिल्लक पडेल एवढं उत्पन्न होतं हे दाखवावं लागतं. वाचून राग आला नाही. दावा लावण्याआधी कुणी मला हे विचारायला हवं होतं, एवढंच.

अपील करू की सोडून देऊ?

---

नक्कलवाले काका

माझं मत, सोडा. मिळालेले ५० आर पदरात पाडून घ्या. आणखी आठ वर्षं नको.

---

काळा कोट

काका, मी इतक्या चटकन सोडा म्हणणार नाही, आणि लढा असंही नाही. पण जे कराल ते मुदतीत ठरवून करा. 'प्राथमिक' शब्दाने लोक फसतात, वाटतं की अंतिम आल्यावर बघू. संहितेचं कलम ९७ म्हणतं, प्राथमिक हुकूमनाम्यावर अपील केलं नाही तर अंतिमाच्या अपिलात त्याच्या बरोबर-चुकीबद्दल बोलता येणार नाही. तिसरा गट जायचा तर १२ जुलै अधिक नकलेचे दिवस, एवढ्यात कायमचा जाईल. नव्या दाव्यानेही तो परत उघडत नाही.

एक मधली वाट आहे. भावांनी अपील केलं, तर त्याची नोटीस बजावल्यापासून एका महिन्यात तुम्ही त्यातच तिसऱ्या गटाबद्दल प्रतिआक्षेप दाखल करू शकता. पण ते त्यांच्या अपिलावर अवलंबून. त्यांनी केलंच नाही तर ही वाटही नाही. निशाणी ५८ आणि तुमचं उलटतपासातलं उत्तर समोर ठेवून वकिलांना एकच प्रश्न विचारा: "हे दोन ओलांडायला आपल्याकडे कोणता कागद आहे?" नसेल, तर काका बरोबर आहेत.

भाऊ अपिलात जातील असं वाटत असेल तर जिल्हा न्यायालयात कॅव्हेट घालून ठेवा, म्हणजे तुम्हाला न ऐकता स्थगिती मिळायची नाही. ९० दिवस चालतं. नुसत्या अपिलाने अंमल थांबत नाही, स्थगितीचा वेगळा आदेश लागतो. 'अपील केलंय, आता काही करू नका' असं कुणी म्हटलं तर स्थगितीचा कागद मागा.

आणि आईंच्या बाबतीत नाजूक बोलते, माफ करा. अंतिम हुकूमनाम्यापर्यंत कुणी वारलं तर हिस्से बदलतात. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्येच, फूलचंद विरुद्ध गोपाल लाल खटल्यात, वाटपाच्या दाव्यात एकाहून जास्त प्राथमिक हुकूमनामे होऊ शकतात असं म्हटलंय. आईंचा १/५ त्यांच्या मागे चौघांत समान जाईल, पण मृत्युपत्र नसेल तर. त्या थोरल्याकडे असतात असं तुम्हीच लिहिलंय.

---

सुईदोरा

मृत्युपत्राचं मनात आलं होतं, लिहायला धीर झाला नव्हता. तो तिचा हिस्सा आहे, ती ज्याला देईल त्याला देईल. रविवारी तिला भेटून आले. जमिनीबद्दल बोलले नाही. तिच्या दोन झंपरांची मापं घेऊन आले, फार वाळली आहे.

धाकटीला १/५ चं सांगितलं. तिला कोर्टातून आलेल्या कागदांवर सह्या केल्याचं आठवत होतं, पण आपल्याला काही मिळणार आहे हे माहीतच नव्हतं. फोनवर बराच वेळ गप्प होती.

वकीलसाहेबांना तो प्रश्न विचारला. ते म्हणाले, "कागद नाही." मग तिसऱ्या गटाचं अपील नाही, कॅव्हेट घालायचं, आणि हुकूमनाम्याची प्रत जिल्हाधिकाऱ्यांकडे जाण्यासाठी अर्ज द्यायचा, असं ठरलं. काल नक्कल मिळाली. उलटी करून आधी शिक्का बघितला. अर्ज २६ जून, तयार १ जुलै, दिली ४ जुलै. काका, मधले तीन दिवस माझ्या खात्यावर. शाळेच्या गणवेशांची घाई होती.

---

नक्कलवाले काका

सहा दिवस मिळाले. १८ जुलै. अपील करायचं नसलं तरी कॅलेंडरवर खूण करून ठेवा, भावांची मुदतही त्याच्याच आसपास असेल. त्यांनी त्यांचा अर्ज कधी दिला त्यावर.